सोयगाव विचारतं, पिशोर विचारत नाही

११ डिसेंबर, गुरुवार. आजचं काम: सर्व्हर खोलीतली दोन जुनी मशीनं पुसून कोरी करणं, भंगाराच्या यादीवर सही करणं, खोलीची किल्ली ऑफिसात जमा करणं. उद्या अकराला ई-कचऱ्याची गाडी येणार आहे.

कॉलेजचा सगळा कारभार दिवाळीनंतर भाड्याच्या सर्व्हरवर गेला. तो सर्व्हर कुठल्या गावात आहे मला माहीत नाही. चालतो, एवढं पुरे. इथली दोन मशीनं मात्र अजून सुरू होती, कारण ती बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं. ती मोकासेंची मशीनं. मोकासे या खोलीत सव्वीस वर्षं होते. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि गेल्या महिन्यात वारले.

मशीन पुसायचं म्हणजे डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहायची. आज्ञा एका ओळीची, पण पुरी व्हायला तीन तास लागतात. तेवढा वेळ इथं बसून हे लिहिते आहे. प्राचार्यांनी वार्षिकांकासाठी मोकासेंवर दोन पानं मागितली आहेत. "चार चांगल्या गोष्टी लिहा मॅडम, तुम्हीच त्यांच्याबरोबर जास्त होतात," असं म्हणाले.

पहिलं मशीन सकाळी पुसायला लावलं. दुसरं अजून नाही. दुसऱ्यात सात वर्षांपूर्वीची एक ओळ आहे. मोकासेंच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा आहे, आणि ती चूक त्यांची नव्हती, माझी होती, हे त्या एका ओळीवरून कळतं. ती पुसली की मी सोडून ते कुणाला माहीत असणार नाही. उद्या अकराच्या आत काय ते ठरवायचं आहे. आधी माणूस सांगते.

मोकासेंचा हुद्दा प्रयोगशाळा सहायक. कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे. घरी अद्रक आणि मका. अंगानं बारीक, गळ्यात रुमाल, आणि बारा महिने स्वेटर. सर्व्हर खोलीतला एसी अठरावर असतो म्हणून. स्वेटर तपकिरी, बायकोनं विणलेला, कोपरांना हिरव्या लोकरीची ठिगळं. मे महिन्यात इथं गारखेड्यात डांबर पायाला चिकटत असताना हा माणूस स्वेटर घालून व्हरांड्यातल्या उन्हात येऊन उभा राहायचा आणि हात चोळायचा. आमचे शिपाई गफारभाई दर वर्षी तेच विचारायचे.

"क्या मोकासेसाब, मई में स्वेटर? तबियत तो ठीक है ना?"

"अंदर काश्मीर है मियाँ. धूप खाने बाहर आया."

तो स्वेटर अजून दारामागच्या खुंटीवर असतो. हे लिहिताना माझ्या अंगात आहे. मी आज शाल आणलेली नाही.

मी अकरा वर्षांपूर्वी परीक्षा विभागात कंत्राटी कारकून होते. गुण संगणकावर भरायचं ठरलं आणि मला सांगितलं, मोकासेंकडे जाऊन शिकून घ्या. मला तोपर्यंत पत्र टाईप करता यायचं, तेवढंच. खोलीत एका लोखंडी मांडणीवर दोन मशीनं होती. एकाच दिवशी घेतलेली, एकाच कंपनीची, आत सगळं सारखं. प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवलेली. एकावर लिहिलं होतं पिशोर, दुसऱ्यावर सोयगाव.

"हे काय?" मी विचारलं.

"पिशोर माझं गाव. सोयगाव सासुरवाडी."

पिशोरवर लिनक्स होतं, त्यातलं डेबियन नावाचं. सोयगाववर फ्रीबीएसडी. मशीनचा कारभार पाहणाऱ्या या दोन वेगवेगळ्या व्यवस्था. दोन्ही फुकट. दोन्ही आतून उघडून वाचता येतात, हवं ते बदलता येतं. मी म्हणाले, "दोन्ही तेच काम करतात, मग दोन कशाला? एक पुरे की."

"ताई, बायामाणसाला माहेर असतं, सासर असतं. एक पुरतं का?"

"मला तर एकही जास्त होतं," मी म्हणाले.

ते इतके हसले की त्यांना बाहेर उन्हात जावं लागलं. परत आल्यावर त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मला वाटतं, शिकवायचं की नाही ते त्यांनी तिथंच ठरवलं.

त्यांचं शिकवणं या दोन गावांवरच चालायचं. "सोयगावचं घर एका हातानं बांधलेलं आहे," ते सांगत. "पाया, भिंती, दारं, कुलपं, सगळी एकाच मंडळींनी केलेली. म्हणून दार लावलं की फटीत कागद जात नाय. पिशोरचं घर बाजारातून आणलेलं. गाभा एकाचा, दारं दुसऱ्याची, कुलपं तिसऱ्याची, आन् डेबियनवाल्यांनी ते सगळं जुळवून बसवून दिलेलं. बसवलंय मात्र लई चांगलं. पडत नाय."

सोयगावचं एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक होतं. त्यांनी ते सगळं छापून काढून गुलमंडीतल्या एका बाइंडरकडून लाल कापडात दोन खंड बांधून घेतले होते. मी विचारलं, पिशोरचं पुस्तक कुठं आहे?

"आहे, पण एका जागी नाय. धा जणांनी धा ठिकाणी लिहिलेलं. पिशोरमध्ये पुस्तक शोधायचं नाय. चार लोकांत जाऊन विचारायचं. तुमची अडचण आधी कुणाला तरी आलेलीच असते, आन् तो सांगायला बसलेलाच असतो."

आणि पाहुण्यांची गोष्ट. सोयगाववर बाहेरून जे काही सॉफ्टवेअर आणाल ते पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं जातं, घरच्या कपाटात मिसळत नाही. पिशोरला पाहुण्याची पिशवी सरळ घरच्या कपड्यांत जाते. "सोयीचं असतं," ते म्हणत, "पण पाहुणा गेला की त्याचा एखादा सदरा मागं राहतो." मी हे ऐकून परीक्षा विभागातलं कपाट लावलं. कॉलेजचं एका खणात, विद्यापीठाचं दुसऱ्या. मोकासेंकडून मी उचललेली पहिली गोष्ट संगणकाची नव्हती.

फुकट देण्याच्या अटी दोन्हीकडे वेगळ्या असतात, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. फुकट म्हणजे फुकट, असं मी म्हणायचे. एकदा डबा खाताना त्यांनी समजावलं. बाजरीची भाकरी, ठेचा आणि वर अद्रकीचं लोणचं, त्यातलं अर्धं माझ्या डब्यात.

"माझे वडील गावात कुणालाही अद्रकीचं बेणं द्यायचे. पैसा नाय. पण अट होती. पीक आलं की तेवढंच बेणं तू पुढच्या माणसाला द्यायचं, आन् त्यालाही हीच अट घालायची. पिशोरचं तसं आहे. घ्या, बदला, पण बदललेलं दुसऱ्याला देताना झाकून ठेवायचं नाय, उघडं द्यायचं."

"आणि सोयगाव?"

"सासरे मक्याचं बी देतात. न्या म्हणतात. पेरा, विका, कंपनी काढा, मला परत येऊन सांगू नका. फक्त बी कुणाचं असं कुणी विचारलं तर आमचं नाव सांगा. नाव पुसायचं नाय, येवढंच."

"आणि कुणी पुसलं तर?"

"तर काय करणार? सासरे काय फौजदार हायेत?"

"मग यातलं चांगलं कोणतं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "वडलांच्या पद्धतीनं गावभर अद्रक झाली. सासऱ्यांच्या पद्धतीनं सासऱ्यांना झोप चांगली लागते."

दर मार्चमध्ये खरेदी समिती बसायची आणि विभागप्रमुख त्यांना उभं करायचे. मी इतिवृत्त लिहायला असायचे.

"मोकासे, दोन्हीपैकी चांगलं कोणतं, एका वाक्यात सांगा. एक ठेवू, एक काढू."

"कशासाठी चांगलं, सर?"

"एकंदरीत."

"एकंदरीत कुणी काय चालवत नाय सर. नवीन प्रिंटर आला तर पिशोर त्याला पहिल्या दिवशी ओळखतं, सोयगाव त्याला दारात उभा करतं. फायली दहा वर्षं जशाच्या तशा पाहिजेत तर सोयगाव. चार पोरं शिकवायची तर पिशोर, उद्या नोकरीत तेच भेटणार. आता तुम्ही सांगा कशासाठी."

"म्हणजे तुम्हाला दोन घरांचा संसार सोडवत नाही," विभागप्रमुख म्हणाले. सगळे हसले.

"घर एकच हाय सर. आन् तिथले निर्णय मी घेत नाय." सगळे पुन्हा हसले. मोकासे हसले नाहीत. "अजून एक साल द्या. बघून सांगतो."

ते साल त्यांना दर सालाला मिळत गेलं. मी इतिवृत्तात लिहायचे: निर्णय पुढील सभेत.

पण ते टाळत नव्हते. बघत होते. सकाळी आल्यावर, पाणी पिण्याच्या आधी, ते दोन्ही मशीनांना विचारायचे, किती दिवस न थांबता चालू आहात. आलेला आकडा एका लांब वहीत लिहायचे. वहीचं पान मधोमध दुमडलेलं, डावीकडं पिशोर, उजवीकडं सोयगाव. आकड्याखाली त्या दिवशी जो फरक दिसला तो. ही वही सव्वीस वर्षांत पाच वेळा बदलली, सवय बदलली नाही. कधी एखाद्या मशीनच्या कुशीवर तळहात ठेवून उभे राहायचे, गाईचा ताप बघावा तसे. "पंखा कुरकुरतोय," म्हणायचे. मला कधीच काही ऐकू आलं नाही, आणि आठवड्यानं तो पंखा बदलावा लागायचा.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, "आधी वाचा, मग बोटं चालवा." दुसरा, "मशीन गप बसलं म्हणजे काम झालं. बोललं तर घाबरायचं." हा दुसरा नियम मला पाठ होता. तरीही जे व्हायचं ते झालं.

त्यांनी मला आधी सोयगाववर बसवलं. नवीन माणसाला तिथं बरं, म्हणाले. त्यांनी मला माझ्या नावानं वेगळं खातं दिलं, कारण कुणी काय केलं ते मशीनला कळलं पाहिजे. पिशोरवर जे घडेल त्याची नोंद आपोआप सोयगावला जायची. "घरातलं भांडण सासुरवाडीला आधी कळतं," यावर ते स्वतःच हसायचे.

रोज ठरलेल्या वेळी मशीन जी कामं आपोआप करतं त्यांची एक यादी असते. तिच्यात गुणांच्या फायलींची रोजची प्रत काढण्याचं कामही होतं. ही यादी उघडायच्या आज्ञेत शेवटी एक अक्षर टाकायचं. ई टाकलं तर यादी दुरुस्तीला उघडते. आर टाकलं तर सगळी यादी जाते. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत. सोयगाववर शिकताना माझं बोट तीनदा आरवर पडलं. तिन्ही वेळा सोयगावने विचारलं, काढून टाकू का? मी नाही म्हटलं आणि विषय संपला. तिसऱ्या वेळी मोकासे मागे उभे होते. "सासर हाय," म्हणाले, "इथं विचारल्याबिगर काय हलत नाय."

सात वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोचं, वच्छलाबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मोकासे दीड महिना रजेवर गेले आणि दोन्ही मशीनं माझ्याकडे आली. एका शनिवारी दुपारी मला पिशोरवरच्या प्रती काढायची वेळ अर्ध्या तासानं पुढे न्यायची होती. आज्ञा दिली. काहीच उघडलं नाही. प्रश्नही आला नाही. पिशोर गप बसलं. मी म्हटलं, अक्षर उमटलं नसेल. रिक्षा फाटकाशी उभी होती. सोमवारी बघू म्हणून संगणकाचा पडदा बंद केला. सोमवारी परीक्षेचे अर्ज सुरू झाले.

पिशोर विचारत नाही, हे मला माहीतच नव्हतं. वाचलं असतं तर कळलं असतं.

पाच आठवड्यांनी पिशोरची डिस्क गेली. नवी घातली, प्रत शोधली. शेवटची प्रत त्या शनिवारच्या आदल्या दिवसाची. पाच आठवडे भरलेले गुण कुठंच नव्हते. प्राध्यापकांच्या कागदांवरून सगळं पुन्हा भरलं. एका तुकडीचे कागद रद्दीत गेले होते, त्यांची प्रात्यक्षिकं सुट्टीत पुन्हा घ्यावी लागली. मुलं गावाहून परत आली, पालक फाटकाशी ओरडले. हे सगळं मी पाहिलं, आणि रोज सकाळी साडेनऊला कामावर हजर राहिले.

चौकशीला तिघं बसले. मोकासे रजा मोडून आले होते. आधी मला विचारलं.

"मॅडम, त्या काळात तुम्ही यादीत काही बदल केला होता?"

त्या वर्षी माझी कायम होण्याची फाईल वर गेली होती. मी म्हणाले, "आठवत नाही."

मोकासे शेजारच्या खुर्चीवर होते. सोयगावच्या नोंदी त्यांनी आदल्या दिवशीच पाहिल्या असणार. कामाला लागल्यापासून रोज ते त्याच बघत आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांचा आवाज तेवढा ऐकला.

"त्यांना इचारू नका साहेब. त्यांना सांगायचं ते मी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडून राहिलं."

"म्हणजे चूक तुमची?"

"व्हय. माझ्याकडून राहिलं."

तिघांपैकी एकानं विचारलं, "तुम्ही तर रजेवर होता ना?" मोकासे म्हणाले, "रजेवर जायच्या आधी राहिलं." ते तसंच लिहून घेतलं गेलं.

त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर दोन वर्षं कंत्राटावर ठेवायचं असं आधी ठरत आलेलं होतं, तो विषय मग कुणी काढला नाही. निरोपाला शाल दिली, नारळ दिला. मी कायम झाले. नंतर ही खोली माझ्याकडेच आली.

त्या वर्षभरात ते मला त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलणं टाळलंही नाही. रोज डबा उघडला की अर्धं लोणचं माझ्या डब्यात यायचं. मी खायचे. एवढंच केलं, की मला सोयगाववरून उठवून पिशोरवर बसवलं आणि म्हणाले, "इथं कुणी इचारत नाय. आपण आपल्याला इचारायचं." मी वहीत लिहून घेतलं, जसं बाकीचं घ्यायचे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मागच्या वर्षी नोव्हेंबरात. हयातीचा दाखला द्यायला आले होते. ऑफिसातलं काम झाल्यावर इकडं आले. चप्पल दाराबाहेर काढली, खुंटीवरचा स्वेटर घातला. आता तो त्यांना मोठा होत होता. दोन्ही मशीनांवर तळहात ठेवून उभे राहिले.

"किती दिस झाले?"

मी दोन्हींना विचारून आकडे सांगितले. त्यांनी खण उघडला, आपली वही काढली, दोन रकान्यांत दोन आकडे लिहिले, वही परत ठेवली. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरला ते हे करायचे. ती वही माझ्याच खणात होती आणि मी ती एकदाही उघडली नव्हती.

"सर, विचारायचं होतं," मी म्हणाले. मी त्यांना एरवी सर म्हणत नसे.

"काय, ताई?"

"चहा घेणार का?"

"नको. पावणेतीनची गाडी हाय." त्यांनी स्वेटर काढला, घडी घातली आणि परत खुंटीला लावला. मी म्हटलं, घेऊन जा, तुमचा आहे. "असू द्या इथंच. तिकडं येवढी थंडी नाय."

खिडकीतून फाटक दिसतं. ते उन्हात दोन मिनिटं थांबले, हात चोळले. गफारभाईंनी काहीतरी म्हटलं. मोकासेंनी न वळता हात वर केला आणि रिक्षात बसले.

दहाव्याला मी पिशोरला गेले. रडू आलं नाही. सकाळच्या गाडीनं गेले, दुपारच्या गाडीनं परत आले. अंगणात पोत्यांवर अद्रक वाळत घातली होती. वच्छलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब करून.

"आलात व्हय ताई? सोयगाव चालू हाय का?"

मला क्षणभर कळलं नाही.

"मशीन वो. माझं माहेर."

"चालू आहे."

"मग बरं. आमचे म्हणायचे, सोयगावात जुनं लई हाय, ताई सांभाळतात." मग त्या सुनेला म्हणाल्या, "ह्यांना वाढ गं आधी. लांब जायचंय." मी जेवले. पोटभर जेवले.

आज सकाळी खोली आवरायला घेतली. मशीन सोडून द्यायची मोकासेंची एक पद्धत होती: आधी रोजची कामं काढायची, मग एकेक सेवा थांबवायची, मग बंद. पिशोरची रोजची कामं काढली. पिशोरने काही विचारलं नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं आणि शून्यं लिहायला लावली. मग खण रिकामा केला. वही भंगारात जायची की घरी, हे बघायला उघडली.

त्या शनिवारचं पान सापडायला वेळ लागला नाही, कारण रजेच्या दीड महिन्यात वहीत काहीच नव्हतं आणि मग मध्येच, परत आल्यावर लिहिलेली, ती तारीख होती. डावीकडे: यादी काढताना विचारत नाही. उजवीकडे: विचारतं. आणि दोन्ही रकान्यांच्या खाली, पानाच्या रुंदीभर: "नवीन माणसाला आधी पिशोरवर बसवायला पाहिजे. सोयगावनं सवय लावली, मी सावध केलं नाही. चूक माझी."

सात वर्षं मी असं धरून चालले होते की त्यांनी माझ्यावर उपकार केला. असं काही नव्हतं. त्यांनी दोन मशीनांतला फरक बघितला, तो कुणी सांगायचा होता ते बघितलं, आणि लिहून टाकलं. चौकशीत बोलले तेच वहीत होतं. माझं नाव वहीत नव्हतं.

त्यांचा हिशेब मला पटत नाही. त्यांनी सांगितलं नव्हतं हे खरं आहे. पण मला विचारलं तेव्हा मी "आठवत नाही" म्हणाले. ते कुठल्या मशीननं शिकवलं नव्हतं.

मग सोयगाववर बसले. नोंदी उघडल्या. ती ओळ होती तिथंच आहे. वार शनिवार, दुपारी एक वाजून बावीस मिनिटं, मशीन पिशोर, माणूस सुनंदा, म्हणजे मी, कामांची यादी काढली. नोंदी जुन्या झाल्या की मशीन आपोआप टाकून देतं. ही टाकू नये अशी सूचना कुणीतरी देऊन ठेवलेली आहे. कुणी ते विचारायची गरज नाही.

पाच वाजले. पिशोर दुपारीच कोरं झालं. एसी बंद करून घरी जाते.

१२ डिसेंबर, शुक्रवार. नऊला आले. सोयगाववरून ती ओळ छापून घेतली. पेन ड्राइव्हवरही घेतली. मग अर्ज लिहिला. अमुक तारखेला पिशोर या सर्व्हरवरची रोजची कामं माझ्या हातून काढली गेली. चौकशीत मी हे सांगितलं नाही. श्री. मोकासे तेव्हा रजेवर होते. त्यांच्या सेवापुस्तकातला शेरा काढून तो जिथं पडायला हवा तिथं घ्यावा. सोबत नोंदीची प्रत. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. आवक-जावकच्या टेबलावर क्रमांक आणि शिक्का घेतला, मग प्राचार्यांकडे गेले. हे लिखाणही दिलं, शेवटचं एक पान राहिलंय म्हणून सांगितलं.

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, माणूस गेला. आता याचा काय उपयोग?"

"शेरा अजून आहे ना."

"तुम्हाला त्रास होईल. आणि हे असं वार्षिकांकात?"

"तुम्ही दोन पानं म्हणाला होतात. थोडी जास्त झाली आहेत."

मी खोलीत परत आले. वहीतल्या त्या पानावर त्यांची ओळ तशीच ठेवली, तिच्याखाली माझं नाव लिहिलं आणि अर्जाचा आवक क्रमांक. वही आणि स्वेटर एका पिशवीत घातले, वच्छलाबाईंना पाठवायला. सोयगावला किती दिवस झाले ते विचारून उजव्या रकान्यात लिहायचं राहिलं होतं, ते पिशवीतून वही काढून लिहिलं. गाडीवाल्याला फोन करून सांगितलं, अकराला नको, दोनला या.

मग सोयगावची रोजची कामं काढायची आज्ञा दिली. सोयगावने विचारलं, काढून टाकू का? मी हो लिहिलं.